एका सेंटिमीटरने लहान झालेलं डोकं

डॉ. सुमती राजहंस यांनी मला कामावर ठेवलं नसतं तर मी आज काय करत असतो, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. दर वेळी मला पेठ तालुक्यातला आमचा डोंगरउतार आणि त्यावरची नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती दिसते. नागलीबद्दल माझी तक्रार नाही. पण मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेला, आणि त्या पदवीचं नेमकं काय करायचं असतं हे ना मला ठाऊक होतं, ना पदवी देणाऱ्यांनी सांगितलं होतं.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मॅडमचा नाशिकला फिटच्या आजाराचा दवाखाना होता. मुलाखतीला आम्ही पाच जण होतो आणि बाकीचे चौघे आपसांत इंग्रजीत बोलत होते. मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला, "मुलं आवडतात का?" मी खरं ते सांगितलं, "मॅडम, सहा भावंडांत थोरला आहे. आवडायला वेळ मिळाला नाही." त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. सोमवारपासून या म्हणाल्या. मी पुढे चौदा वर्षं तिथे होतो.

काम काय, ते गावाकडे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. वडिलांनी विचारलं, "दिसभर करतोस काय?" मी म्हटलं, लहान मुलांना लाकडी ठोकळे देतो, ते कसे रचतात ते बघतो आणि लिहून ठेवतो. पुढे गावात कोणी विचारलं की ते सांगायचे, "पोऱ्या नाशिकला गवंडीकामाला हाय." डॉक्टरच्या हाताखाली ठोकळे रचायला पगार मिळतो, हे सांगण्यापेक्षा ते जास्त इभ्रतीचं वाटत असावं.

इथे वाचकांसाठी धंदा थोडा उलगडून सांगतो. फिट येणाऱ्या बाईला दिवस राहिले की दोन संकटं समोरासमोर उभी राहतात. गोळ्या बंद केल्या तर फिट येते, बाई चुलीवर नाहीतर विहिरीच्या काठावर पडते, आणि आई व पोटातलं बाळ दोघांच्या जिवावर बेततं. गोळ्या चालू ठेवल्या तर त्यांतल्या काही गोळ्यांचा बाळाच्या वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. तो जन्मताना दिसतोच असं नाही. बाळ गुटगुटीत असतं, पेढे वाटले जातात. पुढे तीन-चार वर्षांनी लक्षात येतं की बोलणं उशिरा येतंय, सांगितलेलं ध्यानात राहत नाही. कोणती गोळी किती दोषी, हे त्या काळात मोठ्या डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हतं. शंका मात्र यायला लागल्या होत्या. म्हणून मॅडमनी अशा आयांची एक जाड वही घातली होती. मूल तीन वर्षांचं झालं की एकदा आणि पाच वर्षांचं झालं की एकदा मी त्याची तपासणी करायची. म्हणजे आज घेतलेल्या गोळीची बातमी मला पाच वर्षांनी कळायची. इतक्या उशिरा बातमी आणणारा वार्ताहर दुसऱ्या कुठल्या धंद्यात टिकला नसता.

तपासणीचे प्रश्न शहरात बसून कोणीतरी तयार केलेले होते. त्यात एक प्रश्न होता, "बाहेर पाऊस आला तर तू काय करशील?" अपेक्षित उत्तर, छत्री घेईन किंवा घरात जाईन. इगतपुरीच्या एका रेल्वे कामगाराच्या मुलाला मी हा प्रश्न ऑगस्टात विचारला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, "आलाच हाय की." मी म्हटलं, "हो, पण आला तर काय करशील?" तो म्हणाला, "हेच." मी नियमाप्रमाणे शून्य दिलं. मॅडमनी कागद वाचला आणि शून्य खोडून पूर्ण गुण दिले. म्हणाल्या, "भोये, जून ते सप्टेंबर तिथे दुसरं करण्यासारखं आहे काय?"

मालेगावात एका विणकराच्या घरी गेलो. खालच्या खोलीत यंत्रमाग आणि तिथेच संसार. आवाज इतका की मला माझाच प्रश्न ऐकू येईना. बिचाऱ्या बापाने कामाचं नुकसान सोसून माग बंद केला. घरात एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेने झोपलेली तिन्ही धाकटी मुलं दचकून उठली आणि रडायला लागली. बाप म्हणाला, "साहब, ये आवाज के बगैर सोते नहीं." माग पुन्हा सुरू केला, मुलं झोपली, आणि मी थोरल्याची तपासणी खाणाखुणांनी पुरी केली. तो मुलगा चांगला होता. खाणाखुणांत तर माझ्यापेक्षा चांगला होता.

बायकांच्या गोळ्यांच्याही तऱ्हा होत्या. आमच्याच पेठकडची एक बाई वर्षभर अर्धीच गोळी घेत होती. उरलेली अर्धी जावेला. का, तर जावेला अशक्तपणा आहे आणि घरात एकटीने काही खायचं म्हणजे बरं दिसत नाही. मी तेव्हा हसलो होतो. एकत्र कुटुंबात गोळीची वाटणी होते, तर आणखी कशाकशाची होत असेल, हा विचार मात्र मला सुचला नाही.

मखमलाबादची मंगलताई मॅडमकडे लग्नाआधीपासून येत होती. सासरी भाजी आणि फुलांची शेती. झेंडू, शेवंती, कोथिंबीर, सगळं नाशिकच्या बाजारात यायचं. दोन भाऊ, दोन जावा आणि वर सासूबाई, यमुनाबाई. नऊवारीचा काष्टा, आवाज बांधावरून बांधावर पोचणारा. मंगलताईच्या फिट एकाच औषधाने आटोक्यात होत्या. त्याचं नाव मी इथे देत नाही. हे वाचून कोणीतरी उद्या सकाळी आपल्या गोळ्या स्वतःच बंद करेल, आणि त्याइतकं वाईट दुसरं काही नाही. तर त्याच औषधावर असताना तिला सागर झाला होता. आता तिला दुसरं मूल हवं होतं आणि मॅडमना ठरवायचं होतं की औषध तेच ठेवायचं की आधी हळूहळू बदलायचं. बदलायचं तर नव्या गोळीवर फिट उसळण्याचा धोका. ठेवायचं तर बाळाचा. मॅडम म्हणाल्या, "एका मुलावरून काही सिद्ध होत नाही. पण हिच्याबाबतीत माझ्या हातात तेवढंच एक मूल आहे. भोये, सागरची पाच वर्षांची तपासणी नीट करा."

सागरला मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, तीन वर्षांचा असताना. नुकतंच जावळ काढलेलं होतं आणि तो पूर्ण वेळ आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होता. त्यामुळे चेहऱ्यापेक्षा त्याचं मागचं डोकंच माझ्या जास्त ओळखीचं होतं. त्या दिवशी बाकी काही झालं नाही. डोक्याचा घेर तेवढा मोजला. पन्नास सेंटिमीटर. मेंदू वाढतो तसं डोकं वाढतं, म्हणून तो आकडा आम्ही दर वेळी घेतो.

या खेपेला मंगलताई आणि यमुनाबाई मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा इस्त्रीचा सदरा घालून, भांग पाडून, ताठ बसला. "नाव काय तुझं?" त्याने आजीकडे बघितलं. आजीने मान हलवली. "सागर." मी ठोकळे दिले. त्याने मनोरा केला, पूल केला, आणि मी न सांगता एक जिना केला. चित्रं ओळखली. गोष्ट ऐकून परत सांगितली, वर शेवट बदलला. एकच खोट होती. "सागर" म्हणून हाक मारली की तो वळून बघायचाच नाही. मी कागदावर लिहिलं, 'हाकेला प्रतिसाद मंद, कान तपासावेत.'

मग मी फीत घेऊन डोकं मोजलं. एकोणपन्नास. पुन्हा मोजलं. एकोणपन्नास.

मुलाचं डोकं दोन वर्षांत लहान होत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने मुलाकडे बघितलं असतं. मी फितीकडे बघितलं. जुनी मापं कापडी फितीने घेतली होती, नवी फीत प्लास्टिकची होती. मला वाटलं, चूक माझीच, तेव्हाची. आयुष्यभर मास्तरांनी मला हेच शिकवलं होतं की उत्तर जुळलं नाही तर तूच चुकला असशील. मी शाळेतल्या सवयीने ब्लेड घेतलं, जुन्या पानावरचे पन्नास हलक्या हाताने खरवडले आणि तिथे साडेअठ्ठेचाळीस लिहिले. डोकं वाढायला लागलं. मला समाधान वाटलं.

अहवालात मी 'उत्तम' लिहिलं. मुलं माझ्याकडेच यायची, मॅडमनी सागरला कधी पाहिलेलं नव्हतं; त्या खूश झाल्या. मंगलताईला म्हणाल्या, "याच औषधावर असा मुलगा झालाय, तर तेच चालू ठेवू. दोन-तीन महिन्यांनी बाळाचा विचार करायला हरकत नाही. पुढच्या महिन्यात पहिल्या बुधवारी या, बाकीचं बोलू." आणि मॅडम स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्या.

पंधरा दिवसांनी मी फुलबाजारात दसऱ्याची फुलं घ्यायला गेलो. मागून हाक आली, "ठोकळेवाले काका." बघतो तर तोच मुलगा, झेंडूच्या ढिगावर बसलेला. शेजारी एक बाई फुलं मापत होती. मी म्हटलं, "काय सागर, आई कुठंय?"

मुलगा म्हणाला, "ही काय."

ती मंगलताई नव्हती. बाई हसून म्हणाली, "आवं तो वैभव हाये, माझा. सागर मंगलचा. तो घरी हाये. त्याला गर्दी सोसत नाय." मग तिच्या लक्षात आलं मी कोण ते. तिचा माप धरलेला हात थांबला आणि ती म्हणाली, "सर, फुलं घ्या ना. तुमच्याकडून पैसं नाय घेनार."

मी फुलं घेतली नाहीत. सायकल काढली ती थेट मखमलाबादला.

यमुनाबाई ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. मला बघून त्यांनी ओळखलं की गोष्ट फुटली. पण जुडी बांधायची थांबवली नाही.

"आजी, तुम्ही दुसरा मुलगा आणलात."

"दुसरा कसा? आमच्याच घरातला हाये. दोघं एका ताटात जेवत्यात."

"पण त्याच्या आईने गोळ्या घेतल्या नव्हत्या."

"मंग त्यात त्या पोराचा काय दोष?"

मी जरा गोंधळलो. "दोष नाही. पण आम्हाला सागरला तपासायचं होतं."

"तुमी म्हनले परीक्षा घ्यायची. परीक्षेला घरातलं हुशार पोर बसवायचं का कच्चं? तुमी तरी काय केलं असतं?"

"आजी, ती परीक्षा नव्हती."

"मंग गुन कशाला देत व्हते?"

गुण नोंदीसाठी असतात, असं काहीतरी मी म्हणालो. याहून चांगलं उत्तर मला आजही सुचलेलं नाही. मग त्यांनी जुडी खाली ठेवली आणि आवाज उतरवला. त्यांचा उतरवलेला आवाज मी तेव्हा प्रथमच ऐकला. "सर, गावात सारे म्हनत्यात, सुनेच्या गोळ्यांनी पोरगं मंद झालं. तिच्या माहेरच्या लोकांम्होरं म्हनत्यात. लय दिवस ऐकून घेती बिचारी. मी म्हनलं, डॉक्टरच्या कागदावर तरी हुशार लागू दे. तोंडं बंद व्हतील."

मंगलताई दारात येऊन उभी होती. सागर तिच्या मागे पदर धरून. तेच मागचं डोकं, आता केस आलेलं. मी तिला सांगितलं की त्या कागदावर विसंबून मॅडमनी दुसऱ्या बाळासाठी तेच औषध ठेवायचं ठरवलंय. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे, सर. मीच गप्प बसले. तुम्ही 'उत्तम' म्हणालात ना, तेव्हा दोन दिवस मला खरंच वाटत होतं की ते सागरबद्दलच आहे."

त्या कुटुंबाची चूक मला समजू शकत होती. माझी समजत नव्हती. त्यांनी मुलगा बदलला होता, पण पुरावा माझ्या हातात फितीसकट होता आणि तो मी ब्लेडने खरवडला होता.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.डी. बूथवरून नागपूरला फोन लावला. मॅडमनी स्वतःच उचलला. "काय झालं, भोये?" मी म्हटलं, "काही नाही मॅडम, नागपूरला ऊन कसं आहे?" त्या म्हणाल्या, "ऑक्टोबरात असतं तसं." मी म्हटलं, "बरं," आणि फोन ठेवला. मग पोस्टात गेलो आणि तिथेच उभ्याने पत्र लिहिलं.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. मॅडम मंगलताईच्या बुधवारच्या आत परत आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "ब्लेड." मी दिलं. त्यांनी ते त्यांच्या खणात टाकलं आणि मला एक लाल पेन दिलं. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही. नोकरीबद्दल एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. सागरची तपासणी त्यांनी स्वतः केली. मंगलताईचं औषध सात-आठ महिने लावून हळूहळू बदललं. त्यात एकदा फिट आली, भाताच्या पातेल्याजवळ, आणि यमुनाबाईंनी सुनेला वेळेवर ओढलं. मग मुलगी झाली. तिच्या पाच वर्षांच्या तपासणीला मॅडमनी मला खोलीबाहेर बसवलं. म्हणाल्या, "तुम्ही हिला पास करायला बसला आहात, मला दिसतंय." मुलगी वयाप्रमाणे निघाली. औषध बदललं म्हणूनच, असं मी म्हणणार नाही, मॅडम वाचतील. सागरला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे आठवड्यातून दोनदा पाठवत होतो. ते शिकवणं तो तीन वर्षांचा असतानाच सुरू झालं असतं, मी त्या दिवशी त्याचं रडणं थांबेपर्यंत बसलो असतो तर. याची खंत आहे.

मॅडमनी ते पत्र जपून ठेवलं होतं. दवाखाना बंद केला तेव्हा मला परत दिलं. ते असं:

आदरणीय मॅडम यांस,

सा. न. वि. वि.

आज सकाळी मी फोनवर नागपूरच्या उन्हाची चौकशी केली. त्यासाठी फोन केला नव्हता.

मखमलाबादच्या मंगलताईंचा मुलगा म्हणून मी ज्याला तपासलं तो त्यांच्या जावेचा मुलगा वैभव आहे. त्याच्या आईने गरोदरपणात कोणतंही औषध घेतलेलं नाही. त्यामुळे 'उत्तम' हा शेरा खरा आहे, पण आपल्या काही उपयोगाचा नाही. त्याचे कानही तपासायला नकोत. तो सागर नसल्यामुळे वळत नव्हता.

डोक्याच्या मापात फरक आला तेव्हा मला हे कळायला हवं होतं. मी जुना आकडा ब्लेडने काढून नवा घातला. खरा आकडा पन्नास. हे त्या कुटुंबाने केलेलं नाही, मी केलं आहे.

खरा सागर काल पाहिला. ठोकळ्यांची पेटी सोबत नव्हती. दोन शब्द जोडून बोलतो, तीन नाही. रंगांत पिवळा आणि केशरी अचूक सांगतो, बाकीचे नाही. माझ्या अंदाजाने दीड-दोन वर्षं मागे आहे. पण माझ्या अंदाजावर जाऊ नये, आपण स्वतः बघावं.

मंगलताईंना सांगितलं आहे की एकही गोळी चुकवायची नाही, आणि मॅडम येईपर्यंत दुसऱ्या बाळाचं थांबायचं. दुसरं वाक्य मला त्यांच्या यजमानांसमोर बोलवेना, म्हणून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ते यजमानांना ओट्यावरून शेतात ओरडून सांगितलं. म्हणजे आता ते मखमलाबादला सर्वांना ठाऊक आहे.

सासूबाई विचारतात, वैभवचा कागद वाया जाणार असेल तर शाळेत दाखवायला त्याला मिळेल का. काय सांगू, ते कळवावे.

मला कामावरून कमी करायचं असल्यास माझी तक्रार नाही. कपाटाची किल्ली कंपाउंडरकडे देईन.

मंगलताईंनी निघताना एक विचारलं. सागर नापास झाला तर त्याला पुन्हा बोलवाल ना, की तुम्ही हुशार मुलंच बघता? मी आपल्याला न विचारता हो म्हणालो. आपण मंगलताईंना दिलेल्या बुधवारचीच सकाळी दहाची वेळ दिली आहे. मी तेव्हा कामावर असलो किंवा नसलो, तरी ती वेळ पाळावी, एवढी विनंती.

आपला नम्र,
भोये